‘चढत नाही’ आणि ‘चढवत नाही’ : स्नायुविकाराच्या रुग्णवृत्तान्ताचे व्याकरण

रुग्णवृत्तान्त हा एक कथनप्रकार आहे, ही गोष्ट समीक्षेला आता नवी राहिलेली नाही. मिशेल फूको यांचा चिकित्सालयाच्या जन्मावरील ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर वैद्यकीय दृष्टी रुग्णाच्या बोलण्यावर कशी मात करते, हे दाखविणारी मांडणी इतकी रूढ झाली, की रुग्णाचा आवाज दडपला गेला हा निष्कर्ष पुष्कळदा संहिता वाचण्याआधीच तयार असतो. हा निष्कर्ष सर्वस्वी खोटा नाही. मात्र दुर्मीळ स्नायुविकारांसाठी चालविल्या जाणाऱ्या विशेष चिकित्सालयातील भाषाव्यवहार बारकाईने पाहिला, तर तो अपुरा ठरतो. येथे विचारासाठी घेतलेले उदाहरण ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक विकाराचे आहे. जन्मणाऱ्या सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. स्नायू हळूहळू क्षीण होत जातात आणि उपचार न झाल्यास बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते. स्टेरॉइडमुळे ही वाटचाल लांबते. ती पूर्णपणे थांबविणारा उपाय अद्याप नाही.

फूको यांच्या विवेचनात आधुनिक वैद्यकाचे वळण एका प्रश्नाच्या बदलातून व्यक्त होते. काय होते आहे, या मोकळ्या प्रश्नाची जागा कुठे दुखते, हा स्थलवाचक प्रश्न घेतो. स्नायुविकाराच्या चिकित्सालयात हा दुसरा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण या मुलाला आरंभी बहुधा कुठेच दुखत नसते. येथे विचारावे लागते ते क्रियेविषयी. जिना चढताना कठडा धरतो का? मांडी घालून बसल्यावर उठताना हात कुठे टेकतो? पळतो का? केव्हापासून? भारतीय चिकित्सक मोठ्या रुग्णांना चप्पल नकळत पायातून निसटते का, भात कालवता येतो का, असेही विचारतात. या प्रश्नावलीच्या केंद्रस्थानी अवयवांच्या नामांपेक्षा क्रियापदे आहेत, आणि मराठीतील उत्तर कोणत्या क्रियारूपात येते यावर बरेच काही अवलंबून असते.

मराठीत ‘मुलगा जिना चढत नाही’ आणि ‘मुलाला जिना चढवत नाही’ ही दोन विधाने अगदी शेजारी राहतात. पहिल्यात मुलगा कर्ता आहे. न चढणे ही त्याची कृती, म्हणून तो त्याचा दोषही ठरू शकतो. दुसऱ्यात व्याकरणकार ज्याला शक्य क्रियापद म्हणतात ते रूप आहे. तेथे मुलगा चतुर्थीत जातो आणि क्रिया त्याच्या इच्छेपासून सुटते. विकाराचे निदान होण्यापूर्वीची वर्षे बहुतेक घरांत पहिल्या वाक्याची असतात. मुलगा आळशी आहे, लाडावलेला आहे, मुद्दाम मागे राहतो, असे शाळेत आणि नातेवाइकांत बोलले जाते. पोटऱ्या तर भरदार दिसतात. त्यांत चरबी आणि तंतुमय ऊती साठत असतात, हे पाहणाऱ्याला कसे कळावे? विशेष चिकित्सालयात पहिल्याच भेटीत जे घडते ते या वाक्याचे परिवर्तन होय. ‘चढत नाही’चे ‘चढवत नाही’ होते. मुलावरचा आरोप मागे घेतला जातो, आणि तो एका संस्थेच्या अधिकाराने मागे घेतला जातो. वैद्यकीय अधिकाराला केवळ दमनयंत्रणा मानणाऱ्या वाचनात या घटनेला जागाच उरत नाही.

तथापि शक्य क्रियापदाची अर्थव्याप्ती चिकित्सालयाला अडचणीची असते. ‘मला बघवत नाही’ या वाक्यात डोळ्यांची क्षमता शाबूत असते, सहन करण्याची नसते. ‘चालवत नाही’ या रूपात दौर्बल्य, थकवा, वेदना, उमेद खचणे हे सारे एकत्र नांदते. चिकित्सकाला मात्र ते वेगळे करावेच लागते. दिवस चढेल तशी वाढणारी थकवणूक मायस्थेनियाकडे बोट दाखविते, कायमचे दौर्बल्य दुसरीकडे. पुढे इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या नोंदीत उरते ते केवळ उठण्यातील असमर्थतेचे विधान. सहन न होण्याची छटा गळते. येथे खरी हानी आहे. ती भाषांतरातील आहे, आणि भाषांतराविषयी जितक्या सावधपणे बोलावे तितक्याच सावधपणे तिच्याविषयी बोलले पाहिजे.

‘स्नायू’ या शब्दाचा घोळही येथलाच. सुश्रुतसंहितेत पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू मोजलेले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा भाग आणि स्नायू म्हणजे बंध. मराठीने स्नायू मांसाला दिला आणि पेशी सूक्ष्म घटकाला. हिंदीत स्नायु म्हणजे बहुधा मज्जातंतू. मुंबईसारख्या शहरात एकाच बाकावर बसलेली दोन कुटुंबे एकच शब्द उच्चारून दोन वेगळ्या इंद्रियांविषयी बोलत असतात.

प्रश्नोत्तरे संपली, की मुलाला जमिनीवर बसवून उठायला सांगतात. तो पालथा होतो, हातापायांवर येतो, मग हात गुडघ्यांवर, नंतर मांड्यांवर ठेवीत जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. विल्यम गावर्स यांनी १८७९मध्ये या हालचालीचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने चिन्ह म्हणून रूढ झाली. चिन्ह हा शब्द येथे वैद्यकाचा आणि चिन्हमीमांसेचा एकाच वेळी आहे. खुर्च्यांवर वाढलेल्या समाजात हे चिन्ह मुद्दाम घडवून आणावे लागते. जेथे जेवण, अभ्यास, आरती सारे जमिनीवर होते, तेथे आईने ते शेकडो वेळा पाहिलेले असते. ‘गुडघ्यावर हात टेकून उठतो’ हे तिचे वाक्य गावर्स यांच्या वर्णनाचा गाभाच आहे. गावर्स हे लघुलेखनाचे कट्टर पुरस्कर्ते होते. रुग्णांच्या नोंदी ते लघुलिपीत घेत, आणि १८९४मध्ये त्यांनी लघुलेखन जाणणाऱ्या डॉक्टरांची एक संस्थाही स्थापन केली. बोलणे निसटू नये ही चिंता वैद्यकाच्या इतिहासात होती, हे विसरून चालणार नाही. ड्युशेन यांचा ओढा वेगळा होता. त्यांनी १८६८च्या विवेचनासाठी जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढणारे सुईसारखे उपकरण वापरले, छायाचित्रे घेतली. त्यांचा भर दिसण्यावर होता, तर गावर्स यांचा ऐकण्यावरही. एकाच विकाराच्या या दोन आद्य निवेदकांत भेद न करता ‘वैद्यकीय दृष्टी’ असे एकवचन वापरणे म्हणजे अभ्यासाचा आळस होय.

निवेदक कोण, हा प्रश्न चिकित्सालयात लवकरच बिकट होतो. रुग्ण लहान असल्यामुळे कथन आई करते. ती साक्षीदार म्हणून आलेली असते. मग कागदावर वंशावळ काढली जाते: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, रुग्णासाठी भरलेला चौकोन, त्याच्याकडे बाण. तुमचा एखादा भाऊ लहानपणी गेला का? मावशीचा मुलगा? दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो आईकडून येऊ शकतो, आणि तपासणीनंतर तिच्या वर्तुळात एक ठिपका पडू शकतो. कथा सांगणारी स्त्री कथेतील पात्र होते, आणि ते तिच्या स्वतःच्या शब्दांच्या आधारे होते. सुमारे एकतृतीयांश मुलांत दोष नव्याने उद्भवलेला असतो, ही गोष्ट डॉक्टर सांगतात. परंतु सुनेच्या माहेरावर खापर फोडण्याची सवय असलेल्या घरात वंशावळीचा तो कागद कसा वाचला जाईल, हे त्यांच्या हाती नसते. ‘चढवत नाही’ने मुलाची सुटका केली, त्याच खोलीत, त्याच सकाळी, दोषाचा कर्ता शोधणारे दुसरे वाक्य जुळू लागते. दडपणूक शोधणाऱ्या समीक्षेने खरे तर येथे थांबायला हवे होते.

निदानापर्यंतच्या भटकंतीला इंग्रजी वैद्यकीय लेखनात ‘ओडिसी’ म्हणतात. या रूपकात इथाका गृहीत आहे: नाव सापडले की घर सापडले. या विकारात नाव सापडते आणि प्रवास तेथून सुरू होतो. मराठीतील ‘दवाखान्याच्या वाऱ्या’ हा वाक्प्रचार अधिक काटेकोर आहे. त्यात भक्ती शोधू नये. तो वैतागाचा शब्द आहे. पण पोहोचणे म्हणजे संपणे नव्हे, पुन्हा यायचे आहे, हा रूपबंध त्याला ठाऊक आहे. दर सहा महिन्यांच्या नोंदी क्रमाने वाचल्या तर त्यांचे बखरीशी नाते दिसते. जमिनीवरून उठायला लागलेले सेकंद, दहा मीटरचे अंतर, सहा मिनिटांतील चाल. एका भेटीपासून हे रकाने रिकामे राहतात, आणि हात तोंडापर्यंत नेणे, खोकणे, श्वास यांचे रकाने सुरू होतात.

घरातली भाषाही त्या सुमारास बदलते. मराठीत शक्य आणि प्रयोजक या दोन्ही क्रियापदांत तोच ‘व’ येतो. ‘त्याला चालवत नाही’ म्हणणारी आई काही वर्षांनी ‘त्याला उठवावे लागते, बसवावे लागते, रात्री दोनतीनदा कुशीवर वळवावे लागते’ असे सांगू लागते. प्रत्ययाचे रूप तेच राहते, फक्त आता क्रिया करणारी ती असते. नोंदवहीत या क्रियांच्या जागी ‘पूर्णतः परावलंबी’ असा शेरा येतो. रात्री कितीदा उठता, हा प्रश्न काही चिकित्सालयांत फिजिओथेरपिस्ट विचारतात, आणि उत्तर बहुधा समासात पेन्सिलीने लिहिलेले आढळते.