वरूडची संत्रा बाग आणि समीकरणाची भाषा

वरूडच्या बागेतला आंबिया बहार एकट्या पावसावर ठरत नाही. ताण किती दिला, तो तोडताना विहिरीत पाणी होतं का, झाड जंबेरीच्या खुंटावर आहे की रंगपूर लाईमच्या, जमीन भारी की हलकी, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. मृग बहाराचा हिशेब आणखी वेगळा. फळगळ, फळांची संख्या, वजन यांची प्रतिगमनं दोन्ही बहारांसाठी मांडू लागलं की समीकरणांची रांग लागते. ती प्रोग्रामनेच रचावी लागतात आणि संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर अजून कच्चं आहे ते नेमकं इथेच.

हाताने लिहायची भाषा मात्र देखणी आहे. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ मध्ये आलं, तेव्हा घटकांची आंतरक्रिया कोष्टकं मांडून काढावी लागे. १९७३ मध्ये विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी ती रचना मोजक्या चिन्हांत बसवली. चेंबर्स आणि हेस्टी यांच्या १९९२ च्या ग्रंथातून ती एस भाषेत रुजली, पुढे आरमध्ये आली. 'फळगळ ~ ताण * ओलित' एवढं लिहिलं की ताण, ओलित आणि दोघांची आंतरक्रिया, तिन्ही पदं मिळतात.

पण हेच सूत्र स्तंभांच्या यादीतून घडवायचं, तर बहुतेक जण नावं बेरजेच्या चिन्हाने चिकटवून मजकूर करतात आणि त्याचं सूत्र बनवतात. स्तंभाचं नाव 'पाऊस-जून' असेल, तर आर त्यातली रेघ 'हे पद वगळा' अशी वाचतं. तक्त्यात 'पाऊस' आणि 'जून' नावांचे वेगळे स्तंभ असले, तर चूक दिसतही नाही. भलतंच प्रतिगमन निमूटपणे उत्तर देतं. मला हा दोष सर्वांत गंभीर वाटतो. आरचं 'रिफॉर्म्युलेट' हे फलन चिकटवण्याचं काम सोपं करतं, तरी अशा नावांना उलटे अवतरण लावायची जबाबदारी आपलीच राहते. शिवाय आरचं सूत्र जिथे जन्मलं तिथला परिसर सोबत नेतं. तक्त्यात स्तंभ नसेल, तर त्याच नावाची दुसरी वस्तू त्या परिसरातून उचलली जाऊ शकते.

पायथनच्या पॅट्सी या पॅकेजमध्ये अवघड नावांसाठी 'क्यू' आहे, तरी सूत्र सहसा मजकूर म्हणूनच लिहिलं जातं. ज्युलियाचा मार्ग मला अधिक पटतो: तिथे पदं स्वतंत्र वस्तू म्हणून घडवून जोडता येतात, नाव आणि चिन्ह यांची गल्लत होत नाही.

नोंदीचं काय? आरमध्ये सूत्र चलात ठेवून प्रतिगमन चालवलं, तर निकालाच्या माथ्यावर त्या चलाचं नाव छापलं जातं, पदं नाहीत. वरूडच्या दहा हंगामांचे निकाल शेजारी ठेवले, तर माथ्यावरून सगळे सारखेच दिसतील. आरच्या 'बीकोट' फलनाने पूर्ण सूत्र आवाहनात भरता येतं, पण ही युक्ती नवशिक्याला सापडत नाही. ती मूळ फलनातच असायला हवी होती.

यादीतून सूत्र रचता आलं की पदांची प्रत्येक जुळणी चालवून पाहण्याचा मोह होतो. तिथे कोणतंही सॉफ्टवेअर अडवत नाही. ताण आणि खुंट यांची आंतरक्रिया ठेवायची का, हे बागायतदाराला विचारून यादीत आधीच लिहावं. प्रोग्रामने फक्त ती यादी बहारागणिक फिरवावी.