व्हिडिओ गेम-रचनेचे महाविद्यालयीन शिक्षण : साधन आणि विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेमची रचना हा विषय आता उच्च शिक्षणात स्थिरावला आहे. अमेरिकेत डिजिपेन या संस्थेने १९९८ मध्ये रेडमंड येथे या विषयाच्या पदवी शिक्षणास प्रारंभ केला. भारतात केंद्र शासनाने २०२२ मध्ये अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कृतिदल नेमले आणि २०२५ मध्ये मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. एखाद्या महाविद्यालयाने असा अभ्यासक्रम हाती घ्यावयाचे ठरविल्यास त्यात नेमके काय शिकवावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनाचे आयुष्य

अशा अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत सहसा सॉफ्टवेअरची नावे ठळकपणे आढळतात. साधनावर हात बसल्याशिवाय गेम तयार होत नाही, हे मान्यच करावयास हवे. परंतु साधनाचे आयुष्य विद्यार्थ्याच्या व्यावसायिक आयुष्याहून फार लहान असते. २००० च्या दशकात संगणकजालावरील असंख्य खेळ फ्लॅश या तंत्रावर उभे होते. अॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश प्लेयरचा आधार काढून घेतला. युनिटी हे आज सर्वत्र शिकविले जाणारे साधन आहे. त्याच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे प्रत्येक स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले व तीव्र विरोधानंतर २०२४ मध्ये तो निर्णय मागे घेतला. ज्याचे सारे शिक्षण एका साधनात सामावले आहे, तो विद्यार्थी अशा निर्णयांपुढे निराधार ठरतो.

दोन विद्यार्थी-कृतींची साक्ष

जेनोव्हा चेन यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून २००६ मध्ये ‘फ्लो’ हा खेळ सहकाऱ्यासह रचला. खेळाची काठिण्यपातळी खेळणाऱ्याच्या कौशल्याशी कशी जुळवावी, हा प्रबंधाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर खेळाच्या नियमातच आहे. खोल पाण्यात उतरावे की वर परतावे, हे खेळणारा स्वतः ठरवतो आणि त्या निवडीतूनच काठिण्य बदलते. हा खेळ मुळात फ्लॅशमध्ये तयार झाला होता. ते तंत्र अस्तंगत झाले. मात्र २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आलेल्या आवृत्तीत हा विचार टिकून राहिला, यातच बरेच काही आले.

दुसरे उदाहरण डिजिपेनमधील विद्यार्थ्यांच्या २००५ मधील ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ या खेळाचे. एका द्वारातून शिरून दुसऱ्या द्वारातून बाहेर पडण्याची कल्पना हे त्याचे बलस्थान होते. व्हॉल्व्ह कंपनीने त्या गटाला कामावर घेतले आणि २००७ मध्ये त्याच कल्पनेवर ‘पोर्टल’ हा गाजलेला खेळ उभा राहिला. अर्थात, अशी उदाहरणे अपवादात्मक असतात. २०२३ व २०२४ मध्ये याच उद्योगात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे हमखास नोकरी हा अशा अभ्यासक्रमाचा पाया होऊ शकत नाही.

रचनाविचाराचे अध्यापन

हनिकी, लेब्लाँक व झुबेक यांनी २००४ मध्ये मांडलेल्या चौकटीत खेळाचे तीन स्तर मानले आहेत : नियम, ते नियम चालू असता निर्माण होणारी गती आणि खेळणाऱ्याचा रसानुभव. रचनाकार नियमापासून आरंभ करतो, तर खेळणारा अनुभवापासून. या दोन टोकांमधील अंतर जाणणे म्हणजेच रचनाविचार होय. त्यासाठी प्रथम संगणक लागतोच असे नाही. ट्रेसी फुलर्टन यांच्या २००४ मधील पाठ्यग्रंथात कागदी नमुना करून तो इतरांकडून खेळवून घेण्यावर भर आहे.

या पद्धतीला आपल्याकडे सहज उपलब्ध असलेले साहित्य म्हणजे परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला गेलेला मोक्षपट. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा सर्प खाली आणतो. परंतु शिडी लाभते ती खेळणाऱ्याच्या निवडीने नव्हे, तर पडलेल्या दानाने. मग हा खेळ सदाचरण शिकवितो की दैवाधीनता? एक नियम बदलून खेळणाऱ्याला निवडीचा अधिकार दिल्यास बोध कसा बदलेल? हा स्वाध्याय पुठ्ठा व कवड्या यांवर भागतो. ज्या महाविद्यालयास सुसज्ज प्रयोगशाळा परवडत नाही, त्यासही तो शक्य आहे.

मूल्यमापनाचा प्रश्न

खरी अडचण परीक्षापद्धतीत आहे. सत्राअखेरीस पूर्ण झालेल्या, देखण्या प्रकल्पास गुण मिळतात. तीन नमुने रचून, खेळवून, त्यांतील दोष ओळखून ते टाकून देणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र दाखविण्याजोगे काहीच उरत नाही. परिणामी विद्यार्थी धाडस टाळतो आणि परिचित खेळाची सफाईदार नक्कल सादर करतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण गुणपत्रिकेने त्याला तेच शिकविले आहे. नमुन्यांची नोंदवही, खेळणाऱ्यांची निरीक्षणे आणि टाकलेल्या पर्यायांची कारणमीमांसा यांस अंतिम कृतीइतकेच गुण दिल्यास हे चित्र बदलू शकेल.

निष्कर्ष

साधन शिकविणे अपरिहार्य आहे, परंतु ते साध्य नव्हे. केवळ सॉफ्टवेअर शिकविण्याचे काम खाजगी शिकवणी वर्ग अल्पावधीत करू शकतात. नियमामागील अर्थ तपासण्याची व स्वतःची कृती नाकारण्याची सवय लावण्यास मात्र अवधी, ग्रंथालय आणि अध्यापक लागतात. महाविद्यालयाने हे दायित्व स्वीकारले नाही, तर त्याच्या पदवीची मुदत तेथे शिकविलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीइतकीच राहील.