एकदाच घडणारे फंक्शन : हॅस्केलमधील एका तडजोडीची चिकित्सा

टिम हॅरिस, सायमन मार्लो व सायमन पेटन जोन्स यांच्या २००५ मधील शोधनिबंधात बहुप्रोसेसर संगणकावर हॅस्केल भाषा वेगाने चालविण्यासाठी एक तडजोड स्वीकारलेली आहे. लांबणीवर टाकलेल्या प्रत्येक गणनेस कुलूप लावणे महाग पडते. म्हणून दोन थ्रेडनी तीच गणना क्वचित दोनदा केली तरी चालते. शुद्ध फंक्शनपुरते हे योग्यच होय. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या बाजार समितीत सोयाबीनचे वजन व भाव यांचा गुणाकार दोघांनी केला, तरी रक्कम तीच येते. पावती मात्र दोनदा फाडल्यास हिशेब बिघडतो. बाह्य परिणाम घडविणाऱ्या फंक्शनची अडचण नेमकी हीच आहे. ‘अनसेफपरफॉर्मआयओ’मध्ये पुढे ‘नोडुप्लिकेट’चे संरक्षण आले, तथापि कंपायलरने त्या फंक्शनच्या प्रती करू नयेत, यासाठी ‘नोइनलाइन’ ही सूचना प्रोग्रामरलाच लिहावी लागते. हमी अशा स्मरणावर सोडणे सदोष आहे. त्यापेक्षा ‘एमव्हार’ या सामायिक पेटीचा मार्ग विश्वसनीय ठरतो : पहिला थ्रेड पेटी रिकामी करून काम करतो, निकाल परत ठेवतो, तोवर इतर थांबतात. शुद्धता पुनरावृत्तीस निरुपद्रवी करते, ती टाळत नाही, हा भेद अध्यापनात स्पष्ट व्हावयास हवा.