दिवाणखान्यात आलेली वेगळी बोली : 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' या कुटुंबमालिकेचे पुनरावलोकन

प्रस्तावना :
विनोदी कुटुंबमालिका हा दूरचित्रवाणीचा लोकप्रिय, परंतु समीक्षेने फारसा गांभीर्याने न घेतलेला प्रकार आहे. घरातल्या घरात घडणारे विनोद केवळ करमणुकीसाठी असतात, असे मानले जाते. प्रत्यक्षात अशा मालिकेच्या दिवाणखान्यात कोणाला बसता येते आणि कोणाची भाषा तिथे चालते, हे प्रश्न त्या समाजाच्या रचनेशी निगडित असतात. १० सप्टेंबर १९९० ते २० मे १९९६ या काळात अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर प्रसारित झालेली, १४८ भागांची 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' ही मालिका या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे.

नायक आणि त्याची वाणी :
मालिकेचा नायक विल स्मिथ हा मुळात अभिनेता नव्हे, तर रॅपर होता. जेफ्री टाउन्स या साथीदारासह त्याने १९८९ साली रॅपसाठी प्रथमच दिला गेलेला ग्रॅमी पुरस्कार मिळवला होता. मालिकेत तो स्वतःच्याच नावाने वावरतो. पश्चिम फिलाडेल्फियातील वस्तीत वाढलेल्या या मुलाला आई लॉस एंजेलिसच्या धनिक भागात, मावशी व्हिव्हियनच्या घरी पाठवते. मावशीचे यजमान फिलिप बँक्स हे नामांकित वकील, पुढे न्यायाधीश. हा सारा पूर्वेतिहास आरंभीच्या गीतात नायक स्वतः रॅपमधून सांगतो. आपल्याकडे शाहीर डफावर थाप देऊन कथेची ओळख करून देतो, तसेच हे आहे. कुटुंबाची कथा सांगण्याचा अधिकार येथे घरमालकाकडे नाही. तो बाहेरून आलेल्या मुलाकडे आहे. मालिकेचे वेगळेपण या रचनेत आहे.

विनोदाआडचा संघर्ष :
पहिल्या हंगामातील एका भागात विल आणि त्याचा मावसभाऊ कार्लटन यांना मोटारचोर समजून पोलीस कोठडीत टाकतात. मोटार फिलिप यांच्या व्यवसायातील भागीदाराची असते. सभ्य भाषेत आणि नीट वागले की व्यवस्था न्याय देते, असा कार्लटनचा दृढ विश्वास आहे. विलचा अनुभव निराळा आहे. भागाच्या अखेरीस कार्लटन वडिलांना विचारतो, की तुम्ही पोलीस असता तर ती गाडी अडवली असती का? वडील उत्तर देत नाहीत. पहिल्यांदा स्वतःला अडवले गेले तेव्हा आपणही हाच प्रश्न स्वतःला विचारला होता, एवढेच सांगतात. रॉडनी किंग यांना झालेली मारहाण मार्च १९९१ मधील; हा भाग त्यापूर्वीचा आहे. शिक्षण, संपत्ती आणि प्रमाण भाषा यांनी मिळवलेली प्रतिष्ठा वर्णभेदापुढे किती तोकडी पडते, हे विनोदी मालिकेने येथे दाखवून दिले.

१९९४ मधील एका भागात विलला सोडून गेलेले वडील परत येतात आणि पुन्हा निघून जातात. आपल्याला त्यांची गरज नाही, हे विल एकामागून एक दाखले देत वाढत्या लयीत सांगू लागतो आणि अखेरीस त्याची वाणीच अडखळते. ज्याचे सामर्थ्य शब्दांत, त्याचे शब्द संपतात तेव्हा मावसाजींच्या मिठीखेरीज दुसरे उत्तर उरत नाही.

मालिकेची मर्यादा :
तथापि ही मालिका निर्दोष नाही. टाउन्सने साकारलेला जॅझ हा विलचा मित्र आहे. त्याला फिलिप वारंवार उचलून दाराबाहेर फेकतात. हा हमखास हशा मिळवणारा प्रसंग बारकाईने पाहावा. ज्या घराने भाच्याला सामावून घेतले, तेच घर त्याच्याच जगातील मित्राला उंबरठ्याच्या आत टिकू देत नाही. नाते असेल तर बोली खपते, नाते नसेल तर नाही, असा निर्णय प्रेक्षक हसता हसता मान्य करून टाकतो.

मराठी संदर्भ :
या पार्श्वभूमीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१) ही आपली गुणी मालिका आठवते. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या लेखनावर आधारलेली ही मालिका केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केली. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका यांच्यातील मतभेद मुख्यतः पिढ्यांचे आहेत. त्यातील जिव्हाळा आणि संयम आजही दुर्मीळ वाटतो. परंतु या घरात सर्वांची भाषा जवळपास एकच आहे; तिला आव्हान देणारा 'विल' तिथे मुक्कामाला येत नाही. दिग्दर्शक शाहीर साबळे यांचे नातू असल्याने ही बाब अधिक जाणवते. लयबद्ध, रोखठोक बोलीची परंपरा मराठीला परकी नाही. संगमनेरच्या अनंत फंदींचा फटका हा तिचाच आविष्कार. लोकरंगभूमीने ती मानाने मिरवली. मध्यमवर्गीय कुटुंबमालिकेने मात्र तिला बव्हंशी पाहुणी म्हणूनही बोलावले नाही.

समारोप :
बोली केवळ हशासाठी वापरणे वेगळे आणि तिच्या नजरेतून घराकडे पाहणे वेगळे. 'फ्रेश प्रिन्स'ने अनेक मर्यादांसह दुसरी गोष्ट साधली, म्हणून तिचे मोल टिकून आहे. हा प्रश्न पडद्यापुरता मर्यादित नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले, पाथर्डी वा जामखेडचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या वर्गात तोंड उघडतो, तेव्हा तो आपली बोली घेऊनच आत येतो. त्याचे वाक्य ऐकून वर्ग हसतो. त्या हसण्यात त्याला विलसारखे सामावून घेतले जाते, की जॅझसारखे दाराबाहेर ठेवले जाते, याचा निर्णय बऱ्याच अंशी फळ्यापुढे उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हाती असतो.