पुराणमतवादी स्त्रीवादाचा दावा आणि मतांतराची कसोटी : विदर्भाच्या संदर्भात एक चिकित्सा

स्त्रीविषयक विचारांच्या इतिहासात विदर्भाच्या दृष्टीने १९३६ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्धा येथे राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. त्याच वर्षी गीता साने यांची ‘निखळलेली हिरकणी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. गीता साने यांचा जन्म १९०७ सालचा, वाशीमचा. केळकर त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. एकाच पिढीतील, एकाच प्रदेशातील या दोन सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रियांनी ‘स्त्रीने घराबाहेर का पडावे?’ या प्रश्नाला परस्परविरुद्ध उत्तरे दिली. अलीकडे पुराणमतवादी राजकारणही स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेऊ लागले आहे. या दाव्याची तपासणी करताना ही दोन उत्तरे समोर ठेवणे उपयुक्त ठरते.

केळकर यांच्या कार्याचे मूल्य नाकारता येत नाही. १९३२ साली वैधव्य आलेल्या स्त्रीने मुलाबाळांचा संसार सांभाळून चार वर्षांत स्वतंत्र संघटना उभी करावी, मुलींच्या हाती लाठी द्यावी, गावोगावी फिरून जाहीर प्रवचने करावीत, हे त्या काळातील विधवेविषयीच्या रूढ कल्पनांना छेद देणारे होते. स्त्रीवादी अभ्यासकांनी हे पुरेशा मोकळेपणाने मान्य केलेले नाही. तनिका सरकार यांनी १९९१ साली समितीविषयी लिहिताना, संघटनेने सेविकांना सार्वजनिक कर्तेपण दिले याची नोंद घेतली, हा या दृष्टीने अपवाद होय. तथापि हे कर्तेपण कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. जिजाबाईंचे मातृत्व, अहिल्याबाईंचे कर्तृत्व आणि राणी लक्ष्मीबाईंचे नेतृत्व हे समितीचे तीन आदर्श राष्ट्र व कुटुंब यांच्या सेवेत सार्थ होणारे आहेत. पुरुषांच्या संघटनेच्या नावातील ‘स्वयं’ हे पद स्त्रियांच्या संघटनेच्या नावात नाही, याकडे समीक्षकांनी लक्ष वेधले आहे. केवळ नावावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु तिन्ही आदर्शांत ‘स्वतःसाठी’ जगणाऱ्या स्त्रीला जागा नाही, हे मात्र खरे. गीता साने यांच्या लेखनाचा आरंभच त्या जागेपासून होतो. विवाह, अर्थार्जन आणि स्वतःच्या निर्णयाचा अधिकार हे त्यांच्या कादंबऱ्यांचे विषय आहेत, आणि १९८६ मधील ‘भारतीय स्त्रीजीवन’ या ग्रंथापर्यंत ही चिंता कायम राहिली.

पुराणमतवादी पक्षाचे मत बदलले आहे, असा युक्तिवाद आता केला जातो. तो तपासताना एक भेद करणे अगत्याचे आहे. भूमिका बदलणे वेगळे आणि त्या भूमिकेमागचे कारण बदलणे वेगळे. संमतिवयाच्या वादात लोकमान्य टिळकांची भूमिका वाटते तितकी सरळ नव्हती. मुलीचे लग्न सोळाव्या व मुलाचे विसाव्या वर्षापूर्वी होऊ नये, असे नियम त्यांनी १८९० साली स्वतःच सुचविले होते. मात्र ते स्वेच्छेने सही करणाऱ्यांपुरतेच असावेत, अशी त्यांची अट होती. वयोमर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला त्यांचा विरोध होता तो परकी सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून. हे कारण प्रामाणिक मानले तर परकी सरकार गेल्यावर विरोध मावळावयास हवा होता. प्रत्यक्षात डॉ. आंबेडकरांचे हिंदू संहिता विधेयक स्वतंत्र भारताच्या संसदेत आले तेव्हा हिंदू महासभा, धर्माचार्य आणि काँग्रेसमधील बडे नेतेही त्याच्या आड आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे विधेयक रखडणे हे एक प्रमुख कारण होते. म्हणजे परकी सत्ता हे कारण गेले, विरोध राहिला. टिळकांना या उत्तरकाळासाठी जबाबदार धरणे अन्याय्य होईल, पण त्यांच्या युक्तिवादाचा आधार घेणाऱ्यांना हा हिशेब चुकविता येत नाही.

त्याच चर्चेत, कायदा करावयाचा तर तो केवळ हिंदूंसाठी का, सर्वांसाठी का नको, असा आक्षेप श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्यासारख्यांनी घेतला होता. तेव्हा तो विधेयक रोखण्यासाठी होता. पुढे १९८५ च्या शाहबानो निकालानंतर तोच आक्षेप समान नागरी कायद्याची मागणी होऊन पुढे आला आणि असा कायदा आल्याखेरीज स्त्री-पुरुष समता शक्य नाही, असे भारतीय जनता पक्षाने २०१४ च्या जाहीरनाम्यात म्हटले. भूमिका येथे निःसंशय उलटी झाली. मात्र कारण किती बदलले? स्त्रीचा हक्क की राष्ट्राची एकसूत्रता? उत्तराखंडच्या २०२४ च्या संहितेत दोन्ही शेजारी-शेजारी आढळतात. मुलगा-मुलगी यांना वारशात समान वाटा आणि बहुपत्नीत्वास बंदी ही तरतूद कोणत्याही स्त्रीवाद्याने स्वागत करावी अशीच आहे. त्याच संहितेत विवाहाविना एकत्र राहणाऱ्यांना नोंदणीची सक्ती आहे, आणि जोडीदार एकवीस वर्षांखालील असल्यास आईवडिलांना कळविण्याची तरतूद आहे. कायद्याने सज्ञान असलेली, मतदान करू शकणारी स्त्री येथे पुन्हा पालकांच्या देखरेखीखाली जाते.

बदल एकाच बाजूला झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७४ च्या ‘टोवर्ड्‌स इक्वॅलिटी’ या अहवालाने समान नागरी कायद्याची शिफारस केली होती. गीता साने यांच्या कन्या, विधिज्ञ वसुधा धागमवार यांनी १९८९ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. १९९० नंतर मात्र अनेक स्त्रीसंघटनांनी ही मागणी बाजूला ठेवली आणि प्रत्येक व्यक्तिगत कायद्यात न्याय्य सुधारणा व्हाव्यात, असा आग्रह धरला. जातीय तणावाच्या काळात अल्पसंख्य स्त्री बहुसंख्याकांच्या राजकारणाचे साधन बनू नये, हे त्यामागचे कारण होते. कारण स्त्रीहिताचेच होते, भूमिका मात्र बदलली. त्याची किंमत मुस्लिम स्त्रियांनी मोजली, हेही तितकेच खरे. तात्काळ तोंडी तलाकविरुद्ध १९८५ नंतर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास २०१७ साल उजाडावे लागले, आणि तो शायरा बानो यांच्यासारख्या स्त्रियांनी स्वतः लढून मिळविला.

कारणासकट मत बदलू शकत नाही, असे मात्र नाही. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत धर्मशास्त्राचे अध्ययन केलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९३३ साली देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य केले आणि पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विवेकवादाकडे वळले. त्यांनी केवळ निष्कर्ष बदलला नाही. प्रमाण काय मानावे, हेच बदलले. ग्रंथप्रामाण्याच्या जागी विवेक आला. पुराणमतवादी स्त्रीवादाकडे या दृष्टीने पाहिले तर स्थित्यंतर अर्धवट असल्याचे दिसते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदत योजनेत विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. कर्त्या पुरुषामागे राहिलेल्या स्त्रीचा पहिला प्रश्न सातबाऱ्यावर नाव चढविण्याचा असतो. १९३७ पूर्वी संयुक्त कुटुंबातील हिंदू विधवेला मिळकतीत वाटा नव्हता, निर्वाहाचाच काय तो हक्क होता. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने त्या वर्षी झालेल्या कायद्याने तिला मर्यादित हक्क दिला, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. मुलींना सहदायादाचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. यांतील १९५६ चा कायदा ज्यांच्या विरोधातून वाट काढीत आला, त्यांचे वैचारिक वारस आज त्याच्या फलाचे श्रेय घेत असतील, तर त्यास हरकत असण्याचे कारण नाही. मात्र दीर आणि सासरे ‘घरातील जमीन घरातच राहू द्या’ असे सांगून बहिणी-सुनांकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तेव्हा कुटुंबाच्या एकतेचा गौरव करणारी संघटना तलाठ्याच्या दारात कोणाच्या बाजूने उभी राहते, हे पाहावे लागेल. महाविद्यालयांतील ८ मार्चच्या कार्यक्रमांत जिजाबाई आणि सावित्रीबाई यांच्या प्रतिमा एकाच मेजावर असतात. हक्कसोडपत्राचा विषय त्या कार्यक्रमांत क्वचितच निघतो.