धूलि-ग्रंथालय : एक परीक्षण

ओसाड तुरुंग व वेड्यांचीं इस्पितळें यांचीं छायाचित्रें कलाकृति म्हणून प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाश्चात्त्य देशांत रूढ झाला आहे. पोपडे सुटलेल्या भिंती आणि गंजलेल्या खाटा यांपलीकडे त्यांतील बहुतेक पुस्तकें जात नाहींत. डेव्हिड मेझेल यांचें ‘लायब्ररी ऑफ डस्ट’ (२००८) मात्र आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावें.

अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांत सालेम येथें १८८३ सालीं वेड्यांचें इस्पितळ निघालें. तेथें मृत झालेल्या व कोणीहि न नेलेल्या रुग्णांची रक्षा तांब्याच्या डब्यांत भरून ठेवीत. असे सुमारें ३५०० डबे उरले होते. मध्यंतरीं ते तळघरांत असतां तेथें पाणी शिरलें आणि तांब्यावर हिरवा, निळा, पांढरा कळंक चढला. तोच या चित्रांचा विषय. सफाईस आणलेला एक कैदी खोलींत डोकावून जें हळूच पुटपुटला, तेंच आपण पुस्तकास नांव दिलें, असें मेझेल सांगतात. नांव समर्पक आहे.

चित्रें अप्रतिम आहेत, यांत शंका नाहीं. आणि आमची तक्रारहि तेथेंच आहे. पाहणारा रंगांत रमतो, व हा रंग निष्काळजीपणानें चढला हें विसरतो. पोथीच्या अखेरीस लेखक पाण्यापासून जपण्याची विनवणी कां करितो, हें आपणांस सांगावयास नको. (डाग पडलेल्या पानाचें कौतुक करणारे संग्राहक आपल्यांतहि आहेत!)

तथापि एका गोष्टीबद्दल मेझेल यांस श्रेय दिलेंच पाहिजे. डब्यावर ठोकलेला क्रमांक त्यांनीं चित्राच्या नांवांत राखिला आहे. पुष्पिका गळालेल्या पोथीवर दप्तराचा अंक तेवढा उरावा, तसा हा प्रकार होय. कारण इस्पितळाच्या नोंदींत त्या क्रमांकापुढें माणसाचें नांव होतें. पुस्तक निघालें तेव्हां तीं नांवें प्रकट नव्हतीं, म्हणून त्या उणिवेचा दोष छायाचित्रकाराकडे जात नाहीं. पुढें २०११ सालीं इस्पितळानें यादी प्रसिद्ध केली. २०१४ सालीं स्मारक झालें. रक्षा नव्या पात्रांत ठेविली गेली, आणि रिकामे डबेहि तेथेंच मांडले गेले. आतां आकार व रंग यांवर लिहिणाऱ्या टीकाकारांनीं ती यादी शेजारीं घेऊन बसण्यास हरकत नसावी. नवी आवृत्ति निघाल्यास ती परिशिष्ट म्हणून जोडावी, अशी आमची सूचना आहे.