व्होल्कर अहवालातली दोन खाती

पॉल व्होल्कर यांच्या समितीचा अखेरचा अहवाल २७ ऑक्टोबर २००५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर आला आणि आपल्याकडे त्याचे वाचन एका तक्त्यातल्या दोन नोंदींपुरते झाले. इराकी तेलाच्या वाटपातले 'करारबाह्य लाभार्थी' म्हणून तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवर सिंग आणि काँग्रेस पक्ष यांची नावे तिथे होती. आधी खाते गेले, मग मंत्रिपद गेले. न्या. आर. एस. पाठक यांनी २००६च्या ऑगस्टमध्ये चौकशीचा निष्कर्ष दिला : पक्षाचा संबंध नाही, नटवर सिंग यांनी करार मिळवून देण्यासाठी वजन वापरले, पण पैसा घेतल्याचा पुरावा नाही. आपल्यापुरता विषय तिथे मिटला. या सगळ्या गदारोळात इराक नावापुरताच होता.

अहवाल आज पुन्हा वाचताना वेगळेच काही खटकते. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने निर्बंधांच्या काळात जी बेकायदा कमाई केली, तिची त्यात दोन खाती आहेत. 'तेलाच्या बदल्यात अन्न' या योजनेच्या आत घेतलेली लाच आणि अधिभार : सुमारे १.८ अब्ज डॉलर. योजनेबाहेर चोरून विकलेले तेल : सुमारे ११ अब्ज डॉलर. म्हणजे दुसरे खाते पहिल्याच्या सहापट. पण जगभर मथळे झाले ते पहिल्याचे. माझ्या मते हा केवळ वार्ताहरांच्या घाईचा दोष नाही. अहवालाच्या घडणीतच त्याचे कारण आहे.

योजना कशी होती ते थोडक्यात. कुवेतवरील आक्रमणानंतर ऑगस्ट १९९०मध्ये इराकवर सर्वंकष निर्बंध आले. १९९१च्या युद्धात वीजकेंद्रे, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, पूल उद्ध्वस्त झाले. १९९५च्या ठराव ९८६ने इराकला तेल विकायची मुभा दिली. पहिले तेल डिसेंबर १९९६मध्ये निघाले. पैसा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील खात्यात जमा व्हायचा. सुरुवातीला त्यातले ३० टक्के युद्धाच्या नुकसानभरपाईला, १३ टक्के उत्तरेतील कुर्द प्रांतांना आणि ५३ टक्के उरलेल्या इराकला. या ५३ टक्क्यांतून माल घेता येई, रोकड मिळत नसे. शिक्षकाचा, डॉक्टरचा, जकात नाक्यावरच्या कारकुनाचा पगार कायदेशीर मार्गाने आलेल्या पैशातून देण्याची सोयच नव्हती. ज्या सरकारकडे एका बाजूला राजवाडे बांधायला पैसा होता, त्याच्याबद्दल हळहळ वाटायचे कारण नाही. पण रोकड बंद केली की रोकड चोरवाटेने येणार, हे ओळखायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

ग्राहक आणि पुरवठादार निवडण्याचा अधिकार मात्र सुरक्षा परिषदेने बगदादकडेच ठेवला. या एका कलमातून पुढचे सारे उगवले. तेलाचा अधिकृत दर बाजारापेक्षा किंचित कमी ठेवला की पिंपामागे काही सेंटांचा फरक उरतो. वाटपाची चिठ्ठी मर्जीतल्या माणसाला द्यायची, त्याने ती व्यापाऱ्याला विकायची आणि तो फरक खिशात घालायचा. २००० सालच्या शरदात राजवटीने त्या फरकात आपला वाटा मागितला, पिंपामागे १० ते ५० सेंट. अमेरिका आणि ब्रिटन यांनी उपाय काढला तो असा की, दर तेल भरून झाल्यावर ठरवायचा. अधिभार आटला, पण दर ठाऊक नसताना तेल उचलणारे गिऱ्हाईकही आटले. निर्यात घटली आणि अन्न-औषधांच्या करारांना पैसा अपुरा पडू लागला. हे औषध रोग्यालाच बाधले.

आयातीतली लाच याहून निर्लज्ज होती. करारावर १० टक्के 'विक्रीपश्चात सेवा', शिवाय उम्म कस्र बंदरातून पुढची 'वाहतूक'. ही रक्कम मालाच्या किमतीत मिळवली जाई आणि त्या खात्यातूनच चुकती होई. म्हणजे इराकी जनतेच्या तेलाच्या पैशातून इराकी राजवटीला लाच, मध्ये परदेशी कंपनीचे बिल. ऑस्ट्रेलियाच्या एडब्ल्यूबी या गहू निर्यातदाराने जॉर्डनमधील आलिया कंपनीला वाहतुकीच्या नावाखाली २२ कोटी डॉलरच्या वर दिले. तेल घेणाऱ्या साऱ्या कंपन्यांनी मिळून भरलेला अधिभार सुमारे २३ कोटी. एका गहूवाल्याने जवळपास सगळ्या तेलवाल्यांइतके दिले, तरी प्रकरणाला आपण अजून तेलाचेच नाव देतो. रेशनवर जगणाऱ्या बहुसंख्य इराकींच्या पिठाशी या रकमेचा संबंध होता, हे त्यात झाकले जाते.

आता दुसरे खाते. 'तस्करी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंधार, होड्या, दबकी पावले येतात. जॉर्डनला जाणारे टँकर भर दिवसा महामार्गावरून जात होते. इराकी तेलावर जगणाऱ्या या छोट्या देशाची आयात सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीने १९९१मध्येच 'नोंद घेतली' एवढे म्हणून सोडून दिली. मंजुरीही नाही, मनाईही नाही. तुर्कस्तानकडे जाणारे ट्रक खाबूरच्या नाक्यावर रांगा लावत आणि कुर्द पक्ष त्यांच्याकडून वाटकर घेत. २०००च्या अखेरीस सीरियाकडची जुनी नळवाहिनी पुन्हा वाहू लागली. पाठलाग झाला तो मुख्यतः आखातातल्या बार्जांचा, तोही त्या इराणच्या सागरी हद्दीतून पळ काढत तेव्हा. वॉशिंग्टन दरवर्षी खास सवलत देऊन जॉर्डन आणि तुर्कस्तानची मदत चालू ठेवत होते. जे सर्वांना माहीत आहे, ज्याची नोंद आहे आणि ज्याला सवलत आहे, त्याला तस्करी म्हणायचे की परराष्ट्र धोरण?

व्होल्कर यांच्यावर अन्याय नको. सप्टेंबर २००५च्या खंडात त्यांनी सुरक्षा परिषदेच्या सदस्यांना हे ठाऊक होते असे स्पष्ट लिहिले आहे. समितीकडे साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा अधिकार नव्हता, आणि नेमणूक योजनेच्या कारभाराच्या चौकशीसाठी होती. तरीही मांडणीतला फरक बोलका आहे. लहान खात्याला तक्ते मिळाले : २,२००हून अधिक कंपन्या, माणसे, पिंपे, रकमा. मोठ्या खात्याला परिच्छेद मिळाले, ज्यांत कर्ता 'परिषद' किंवा 'सदस्य' असा असतो. माणसाचे नाव तक्त्यात असले की राजीनामा मागता येतो. 'नोंद घेतली' या क्रियापदाचा राजीनामा कोण मागणार? भ्रष्टाचाराचा अहवाल व्यक्तींच्या यादीच्या रूपात लिहिला की धोरण आपोआप त्यातून सुटते, आणि वाचकही यादीत आपल्या गावचे कोण आहे तेवढेच शोधतो. आपण तेच केले.

या चौकशीत न मावणारा आणखी एक हिशेब होता. २००२च्या मध्यास सुमारे ५ अब्ज डॉलरचे करार निर्बंध समितीत, मुख्यतः अमेरिकेच्या हरकतींमुळे, अडकले होते. पंप, वीजयंत्रणा, सुटे भाग यांचा शस्त्रांसाठी उपयोग होईल ही शंका. किंमत फुगवल्याच्या संशयावरून मात्र करार अडवल्याचे दिसत नाही. डेनिस हॅलिडे आणि हान्स फॉन श्पोनेक हे बगदादमधले संयुक्त राष्ट्रांचे दोन समन्वयक, एकापाठोपाठ एक, १९९८ आणि २००० साली पद सोडून गेले, ते याच कारभाराला कंटाळून. त्यांची नावे कोणत्याही तक्त्यात नाहीत.

२००३च्या एप्रिलमध्ये राजवट कोसळली, नोव्हेंबरमध्ये योजना संपली. चोरी थांबली नाही, दिशा बदलली. बगदादमध्ये पेट्रोल २० दिनार लिटर, म्हणजे दीड सेंटाहून कमी. तुर्कस्तान आणि कुवेतमधून सरकारी पैशाने आणलेले इंधन पुन्हा सीमेपलीकडे विकले जाऊ लागले. कच्च्या तेलाचे मोजमापही ढिले होते. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाने २००७मध्ये म्हटले की दररोज १ ते ३ लाख पिंपांचा मेळ लागत नाही : चोरी असेल, तस्करी असेल, किंवा उत्पादनाचा आकडाच फुगवलेला असेल. बसऱ्याच्या धक्क्यावर तेव्हा धड चालणारे मीटर नव्हते, आणि या वेळी तिथे कारभार अमेरिकेच्या पाठिंब्याने चालला होता.